बोटीच्या यामाहा एफ६० मशीनला १३ पिचचा पंखा जड पडतोय. ११ घ्यावा की १०? स्टील की ॲल्युमिनियम?

खाडीकिनारा

बोट १७ फुटी फायबरची, तळ मध्यम व्ही. मशीन यामाहा एफ६० फोर स्ट्रोक, लाँग शाफ्ट, एकच. पंखा ॲल्युमिनियमचा, तीन पात्यांचा, त्यावर ११ १/८ × १३ - जी (व्यास × पिच, इंचांत) असं कोरलंय. वापर घरचा, भाड्याचा नाही. देवबाग ते नेरूरपार कर्ली खाडीतच जास्त, हवा बरी असेल तर संगमाबाहेर थोडं.

पूर्ण थ्रॉटलचे आकडे असे. भरतीच्या वेळी दोन्ही दिशांना जाऊन सरासरी काढली आहे:

दोघे जण, अर्धी टाकी: ५३०० आरपीएम, जीपीएसवर २६ नॉट.
सहा जण, टाकी भरलेली, बर्फाची पेटी, नांगर-दोर: ४७०० आरपीएम, २० नॉट.

सहा जणांना प्लेनवर यायला, म्हणजे बोट पाण्यावर उचलून सपाट धावायला, १२-१३ सेकंद लागतात. तोवर नाळ (बोटीचं पुढचं टोक) आभाळाकडे, समोरचं काही दिसत नाही. दुसरं म्हणजे वळण जोरात घेतलं की मशीन ओरडतं, काटा वर जातो आणि बोट खाली बसते. थ्रॉटल कमी केला की पुन्हा पकडते.

११ पिच घ्यावा की थेट १०? स्टीलचा घेतला तर पैसे वसूल होतील का? चार पात्यांचा सुचवणारेही भेटले. मीटर मशीनबरोबर आलेला मूळचा डिजिटलच आहे.

पिचपुराण

आकडे मोजून आणलेत म्हणून उत्तर देता येतं. नाहीतर ‘चांगला पंखा कुठला’ एवढंच विचारून लोक निघून जातात.

एफ६० ला पूर्ण थ्रॉटलचा पट्टा ५००० ते ६००० आरपीएम आहे. तुमच्या नेहमीच्या वजनाला थ्रॉटल पूर्ण ढकलल्यावर काटा या पट्ट्यात आला पाहिजे, जमलं तर वरच्या अर्ध्यात, आणि रिकाम्या बोटीने ६००० ओलांडता कामा नयेत. पंखा निवडायचा तो यासाठी. वेग, पेट्रोल, प्लेनवर येणं हे त्यामागून येतं. दोघांना ५३०० दिसतात म्हणून पंखा बरोबर असं विकणारा म्हणाला असेल. पण बोट घरच्या सहा जणांसाठी असेल तर तुमचा खरा आकडा ४७००, म्हणजे पट्ट्याच्याही खाली.

आता घसरण काढू. पिच म्हणजे पंखा न घसरता, लाकडात स्क्रू जावा तसा, एका फेऱ्यात जितके इंच पुढे जाईल ते अंतर. पाण्यात तो थोडा घसरतोच. हिशेब असा: आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो, भागिले १२१५, उत्तर नॉटमध्ये. एफ६० चा रेशो १.८५, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्याला मशीनचे १.८५ फेरे. दोघांना ५३०० × १३ चे ३०.७ नॉट व्हायला हवे होते, झाले २६. घसरण १५ टक्के, अशा बोटीला निरोगी. सहा जणांना २७.२ व्हायला हवे होते, झाले २०. घसरण २६ टक्के. पण तेवढ्यावरून पंख्याला दोष देऊ नका. बोट अर्धवट प्लेनवर पाणी ढकलत चालली आहे, म्हणून घसरते.

एका कुळातल्या पंख्यांत पिच एक इंच कमी केला की साधारण २०० आरपीएम वाढतात. म्हणजे:

११ ला: सहा जण सुमारे ५१००, दोघे ५७००.
१० ला: सहा जण ५३००, दोघे ५९००.

१० चा मोह होईल. पण एकटे, टाकी खाली, वारा पाठीवर असे निघालात की तो ६००० ला जाऊन लिमिटरवर (फेरे अडवणाऱ्या यंत्रणेवर) आपटेल. मी आधी ११ लावला असता. यामाहाच्या जी कुळात तो ११ ५/८ × ११ असा मिळतो. व्यास अर्धा इंच वाढलाय हे पाहून दचकू नका. पिच कमी केल्यावर भार फार हलका होऊ नये म्हणून बनवणारेच व्यास वाढवतात, आणि वरच्या २०० च्या अंदाजात ते धरलेलं असतं. घोटाळा होतो तो एका कंपनीचा व्यास आणि दुसरीचा पिच अशी तुलना केल्यावर. व्यासाचा एक इंच पिचच्या दोन-तीन इंचांइतका जड असतो.

पंखा घेताना शेवटचं अक्षर बघा. जी म्हणजे तुमच्या गिअरकेसचा (मशीनचा खालचा, पंखा बसतो तो भाग). के चा पंखा ७० च्या पुढच्या मोठ्या गिअरकेसचा, तो तुमच्या शाफ्टवर बसणार नाही. टी६० नावाचं हाय थ्रस्ट मशीनही ६० चंच असतं, पण त्याचं गिअरकेस मोठं आणि रेशो २.३३. ‘साठ एचपीचा पंखा द्या’ एवढंच सांगून मागवू नका.

दांडीचो

पिच बिच मागसून. पयलो पंखो काढा आणि मागे काय अडाकला हा तां बघा. खाडयेत जाळ्यांची तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, तरंगत असता. ती पंख्यामागच्या वायसराकडे जावन गुंडाळता, मशीन फिराक लागला की गरम होवन सीलात घुसता. भायरसून कायएक दिसाचा नाय. सील कापला की गिअर ऑइलात पाणी.

बोट रातभर उभी ठेवा, सकाळी गिअरकेसचो खालचो स्क्रू जरासो सैल करा. पयला पाणी टपाकला नायतर ऑइल दूध घातलेल्या चायसारख्या इला तर सील गेला. मगे पंख्याचे पैशे आधी सीलात घाला.

आणि तळ खरवडलास काय? पाण्यात रवलेल्या बोटीच्या तळाक म्हयन्याभरात शिंपले धरतत. तळ खरबरीत असात तर दोन-तीनशे आरपीएम थयच खपतत आणि तुमी पंख्याक गाळी घालतास.

मचवा७१

माझं मत वेगळं. १३ पिचवर आरपीएम कमी राहतात, म्हणजे पेट्रोल कमी आणि मशीनही कमी झिजणार. रोज कोण पूर्ण थ्रॉटल मारतं? ११ लावून मशीन ओरडवत कशाला न्यायचं?

पिचपुराण

हा समज इतका पसरलाय की उत्तर जरा लांबवतो.

आंबोली घाट पाच माणसं भरून पाचव्या गिअरमध्ये चढवला तरी आरपीएम कमीच राहतात. त्यात इंजिनाची बचत होते असं कोणी म्हणणार नाही. पंखा हा बोटीचा एकुलता एक गिअर आहे, चालताना बदलता येत नाही. पिच जास्त असला की थ्रॉटल उघडलेला, हवा-पेट्रोल आत येतंय, पण फेरे वाढत नाहीत. सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते, भार पिस्टन आणि बेअरिंगवर येतो, कार्बन धरतो. आवाज कमी असतो म्हणून चालवणाऱ्याला बरं वाटतं, इतकंच.

‘पूर्ण थ्रॉटल कोण मारतं’ हेही फसवं आहे. पूर्ण थ्रॉटल ही चाचणी आहे. ४७०० वर अडकणारी बोट ३५०० वरसुद्धा त्या थ्रॉटलच्या मानाने जास्त भार ओढत असते.

पेट्रोल तासाला किती हे बघू नका, मैलाला किती ते बघा. मीटरवर लिटर प्रति तास दिसत असेल तर त्याला नॉटने भागा. भरलेली बोट १३ पिचवर १०-१२ नॉटला अर्धवट चढलेली असते, शेपूट खाली, मागे डोंगराएवढी लाट. प्लेनिंग बोट सगळ्यात जास्त पिते ती याच अवस्थेत. ११ वर तीच बोट लवकर सपाट होते.

तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. बोट कायम हलकी, अंतर लांबचं, आणि १३ वरही काटा पट्ट्यात येत असेल, तर जास्त पिच थोडं पेट्रोल वाचवतो. इथे सहा जणांचं चाललंय.

ट्रान्समवाला

वळणावर ओरडणं हा वेगळा आजार आहे, तो पिच बदलून जाणार नाही. पंख्याला पाण्याऐवजी हवा मिळते. सगळे त्याला कॅव्हिटेशन म्हणतात, पण ते वेगळं. कॅव्हिटेशनमध्ये पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की पाणी तिथल्या तिथे उकळतं, आणि ते बुडबुडे फुटून धातूला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. खड्डे नसतील तर तुमची तक्रार हवेची.

कुठून येते हवा ते क्रमाने बघा.

उंची. बोट ट्रेलरवर घ्या, मशीन सरळ उभं करा. तळाच्या मधल्या रेषेला सरळ लाकडी पट्टी लावून मागे मशीनपर्यंत न्या. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती पट्टीच्या पातळीत किंवा फार तर इंचभर वर असावी. त्याहून वर असेल तर मशीन एक भोक खाली घ्या. ब्रॅकेटची भोकं साधारण पाऊण इंचाच्या अंतराने असतात. उलट प्लेट दोन इंच खाली बुडालेली असेल तर गिअरकेस पाणी ओढत चाललंय, तिथेही आरपीएम आणि वेग जातो.

ट्रिम, म्हणजे मशीनचा कल. सरळ जाताना ट्रिम वर घेतलेला असतो आणि तसंच लोक वळतात. वळणाआधी ट्रिम आत घ्या. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

पंख्यापुढचा अडथळा. खोली मोजणाऱ्या यंत्राचा ट्रान्सड्यूसर तळाला पंख्याच्या अगदी समोर बसवलाय का? त्याने फाडलेलं फेसाळ पाणी सरळ पंख्यात जातं. तो शाफ्टच्या रेषेपासून बाजूला निदान १५ इंच हवा.

पात्याची कड. मागची कड वाळूने खाऊन गोल झाली असेल किंवा टोक दुमडलं असेल तर पकड जाते.

शेवटी हब. पंख्याच्या आत रबराचा किंवा प्लास्टिकचा हब असतो, त्याची पकड सुटली तरी मशीन ओरडतं आणि बोट ढिम्म. फरक असा की हब सुटला असेल तर सरळ रेषेत, जोर देतानाच सुटतो, वळणाची वाट बघत नाही. खात्री करायची तर पंखा काढा, आतल्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत मार्करने एक सरळ रेघ मारा, बसवा, जोर देऊन फिरवून आणा. पुन्हा काढल्यावर रेघ तुटून दोन तुकडे सरकलेले दिसले तर हब गेला. तोवर हळू थ्रॉटलवर किनारा गाठता येतो.

आणि वजन मागे किती आहे? बर्फाची पेटी, नांगर, जादा पेट्रोलचा कॅन सगळं ट्रान्समजवळ (मशीन लावलेल्या मागच्या फळीजवळ) असेल तर नाळ वर जाणारच. पेटी पुढे न्या, सहातले दोघे पुढे बसवा, मग घड्याळ लावा. तेरा सेकंदांतले काही इथेच वाचतील. बिल्जही बघा. तळाशी शंभर लिटर पाणी साचलं तर शंभर किलो वाढले.

मोजपट्टी

नवा घेण्याआधी जुना पंखा खरंच १३ चा राहिलाय का ते मोजा. कोरलेला आकडा कारखान्यातला असतो. दगडाला दोनदा लागलेल्या पंख्याची पाती वेगवेगळ्या पिचची होतात.

घरी मोजायची रीत अशी. सपाट फरशीवर मोठा कागद चिकटवा. पंखा मागचं तोंड खाली करून उभा ठेवा, बॅरलभोवती (मधल्या गोल भागाभोवती) पेन्सिल फिरवा, पंखा उचला आणि त्या गोलाचा मध्य काढा. मध्यापासून ९९ मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. ११ १/८ व्यासाच्या पंख्याला टोकापर्यंतच्या त्रिज्येचे ७० टक्के होतात ते इतके. आता मध्यातून ३० अंशांच्या दोन रेघा मारा, दोन्ही एकाच पात्याखाली येतील अशा. तशाच जोड्या १२० अंशांवर बाकीच्या दोन पात्यांना.

पंखा परत जागेवर ठेवा. रेघ जिथे वर्तुळाला छेदते तिथे गुण्या उभा करून कागदापासून पात्याच्या खालच्या अंगापर्यंतची उंची घ्या. एका पात्याच्या दोन उंचींतला फरक गुणिले १२ म्हणजे पिच. १३ इंच पिचला फरक २७.५ मिलिमीटर यायला हवा, ११ ला २३.३.

एक मिलिमीटर चूक म्हणजे पिचमध्ये जवळपास अर्धा इंच चूक, तेव्हा पट्टी तिरकी धरू नका. शिवाय बऱ्याच पंख्यांत पुढच्या कडेपासून मागच्या कडेकडे पिच वाढत जातो, त्यामुळे मूळ आकड्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. बघायचं ते तिन्ही पाती एकमेकांशी जुळतात का. सगळ्यांना २६ आलं तर चिंता नको. २७, २७, ३० आलं तर एक पातं वाकलंय, आणि ते जास्त पाणी ओढत थरथर निर्माण करतंय. ती थरथर शेवटी शाफ्टच्या बेअरिंगला आणि सीलला भोवते.

वाकलेलं ॲल्युमिनियम अर्गॉन वेल्डिंगवाला भरून देतो, पण भरलेला भाग मऊ राहतो. पिच ब्लॉकवर (ठरावीक पिचच्या साच्यावर) बसवून देणारा असेल तरच द्या.

सुकाणू

स्टीलविषयी. कर्लीच्या मुखाशी वाळूचे दांडे जागा बदलतात, गेल्या वर्षीची वाट यंदा नसते. अशा ठिकाणी माझं मत ॲल्युमिनियमच, आणि त्याच पैशात दुसरा पंखा बोटीत पडलेला. ॲल्युमिनियमचं पातं दुमडतं. स्टीलचं सहज दुमडत नाही, मग तो धक्का हब, शाफ्ट, गिअर असा आत जातो. हब बराचसा झेलतो, सगळा नाही.

स्टीलचा गुण कुठे दिसतो? पाती पातळ करता येतात, जोरात फिरताना वाकत नाहीत, मागच्या कडेला कप, म्हणजे ओठासारखं छोटं वळण, देता येतो. तीसेक नॉटच्या पुढे जाणाऱ्या बोटीला याचा उपयोग कळतो. तुमच्या २०-२६ नॉटला खर्चाच्या मानाने हाती फारसं येत नाही. घेतलातच तर कपाचा भार लक्षात ठेवा. त्याच पिचवर कपवाला पंखा १५०-२०० आरपीएम कमी देतो. म्हणजे ११ चा कपवाला स्टील घेऊन तुम्ही जवळपास १२ वर बसाल, आणि पुन्हा इथे येऊन ‘काही फरक पडला नाही’ म्हणाल.

चार पाती ही मात्र फेटाळून लावण्यासारखी सूचना नाही. पाण्यावर जास्त पातं टेकलेलं असतं, त्यामुळे वळणावर पकड चांगली, थरथर कमी, आणि कमी वेगातही बोट प्लेनवर टिकते. उसळत्या पाण्यात पोरं बसलेली असताना १३-१४ नॉटला बोट खाली न बसता चालणं हे मोठं सुख आहे. किंमत म्हणून वरचा वेग नॉटभर जातो, आणि तीनवरून चार पात्यांवर येताना पिच एक इंच उतरवावा लागतो. म्हणजे तुम्हाला चार पात्यांत १०. सोलास वगैरे कंपन्या अशा जुळवण्या बनवतात. मशीनच्या मॉडेलवरून हब किट कोणतं लागतं ते विचारून घ्या. माझा क्रम: आधी तीन पात्यांचा ११. त्यावर वळणं आणि उचल बरी वाटली तर प्रश्न मिटला. नाही वाटली तर चार पाती.

पवनाकाठ

मध्येच विचारतो. बोट पवना धरणात आहे, उंची समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास. तिथे पूर्ण थ्रॉटलला ५८०० येतात, पट्टा ५३०० ते ६३०० चा. डिसेंबरात समुद्रावर मांडव्याला न्यायची आहे. पंखा बदलावा लागेल?

पिचपुराण

नाही. उंचीवर हवा विरळ, दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद जाते. म्हणजे पवनेवर तुमचं मशीन ६ टक्के कमी देतंय. पण पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनात वाढते, त्यामुळे ६ टक्के ताकद परत मिळाल्यावर फेरे दोनच टक्के वाढतील. शंभर-सव्वाशे आरपीएम धरा. ६३०० पासून तुम्ही लांब आहात.

काळजी घ्यायची ती ॲनोडची, म्हणजे गंज स्वतःवर घेणाऱ्या धातूच्या तुकड्याची. गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा बसवलेला असेल तर खाऱ्या पाण्यात तो बघता बघता संपतो. जाण्याआधी जस्ताचा किंवा समुद्रासाठी चालणारा ॲल्युमिनियमचा बसवा, आणि परत आल्यावर मशीन गोड्या पाण्याने धुवा.

खाडीकिनारा

११ ५/८ × ११ मागवतो. तंगूस निघाली, वितभर, वॉशरच्या मागे. ऑइल मात्र स्वच्छ आहे, सील वाचलं. प्लेट पट्टीला लावून बघितली, पातळीतच आहे. ट्रान्सड्यूसर शाफ्टपासून सहाच इंचांवर निघाला, तो हलवतोय. पंखा बसवताना काय सांभाळायचं? आधीच्याने नट इतका आवळला होता की काढताना घाम निघाला.

ट्रान्समवाला

नट आवळल्यामुळे नाही, ग्रीस नसल्यामुळे घाम निघाला असेल. खाऱ्या पाण्यात कोरड्या शाफ्टवर पंखा दोन वर्षं ठेवला की तो शाफ्टचाच भाग होतो.

आधी किल्ली काढा, मनगटाला बांधायच्या दोरीची क्लिप काढा, बॅटरी कटऑफ असेल तर बंद करा, गिअर न्यूट्रलला. हे न करता पंख्याला हात लावायचा नाही. मग प्लेट आणि पातं यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, पंखा फिरत नाही. कॉटर पिन सरळ करून काढा, नट सोडा. भाग निघतील त्याच क्रमाने फडक्यावर मांडत जा.

शाफ्ट पुसा, खाचांमधलं जुनं मीठ आणि हिरवट थर ब्रशने काढा, समुद्राच्या पाण्याला टिकणारं ग्रीस खाचांच्या पूर्ण लांबीला लावा. थ्रस्ट वॉशर आधी जाईल, त्याची उतरती बाजू शाफ्टच्या उताराकडे. हा वॉशर जुन्या पंख्याला चिकटून बाहेर येतो आणि लोक पंख्याबरोबर तोही कोपऱ्यात ठेवून देतात. तो नसेल तर नवा पंखा आत सरकून गिअरकेसला घासतो. नंतर पंखा, स्पेसर, वॉशर, नट. नट तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला आवळा. भोक जुळलं नाही तर जुळेपर्यंत आणखी आवळा, सैल करून जुळवू नका. कॉटर पिन नवी घ्या, ती दोनदा वाकवायची वस्तू नाही. दहा तास चालवून झाल्यावर नट एकदा तपासा, पुढे दर दोन महिन्यांनी पंखा काढून ग्रीस आणि तंगूस बघा.

बोटीत डब्यात ठेवा: जादा पंखा, नट, वॉशर, दोन कॉटर पिना, नटाला बसणारा पाना, पक्कड आणि तो लाकडी ठोकळा. ठोकळा घरी राहतो आणि मग पाण्यात उभं राहून पंखा हाताने धरावा लागतो, पात्याची कड तळहात कापते.

नव्या पंख्यावर सुकाणू एका बाजूला ओढत असेल तर प्लेटखालचा छोटा ट्रिम टॅब बघा. बोट ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला त्याचं मागचं टोक थोडं वळवा.

खाडीकिनारा

पंखा बसला. तळ खरवडला, पेटी आणि नांगर पुढे नेले. आकडे:

सहा जण, टाकी भरलेली: ५१५० आरपीएम, २१ नॉट. प्लेनवर ७ सेकंद.
दोघे, अर्धी टाकी: ५८०० आरपीएम, २५.५ नॉट.

वळणावर ट्रिम आत घेतला की ओरडत नाही. वर असेल तर अजून थोडं ओरडतं.

मोजपट्टी यांच्या रीतीने जुना १३ मोजला. तीन पाती: २७, २८, ३०.५. आता हा जादा पंखा म्हणून ठेवावा की भंगारात?

पिचपुराण

घसरण २६ वरून १७ टक्क्यांवर आली आणि दोघांना १० टक्के. ११ वरच थांबा. ५१५० पट्ट्याच्या खालच्या अंगाला आहे, पण रिकाम्या बोटीला ५८०० दिसताना १० घेण्यात अर्थ नाही. तळ आणि पेटीचा वाटा यात किती आणि पंख्याचा किती हे आता वेगळं करता येणार नाही, कारण तुम्ही तिन्ही एकदम केलंत.

मोजपट्टी

३०.५ गुणिले १२ म्हणजे ३६६ मिलिमीटर, १४.४ इंच. बाकीची दोन १२.८ आणि १३.२. म्हणजे एक पातं १३ पेक्षा सव्वा इंचाहून जास्त पिचचं होऊन फिरत होतं, तुमच्या ४७०० मध्ये त्याचाही हात असणार. भंगारात नको. हब शाबूत असेल तर अडचणीला किनारा गाठण्यापुरता डब्यात ठेवा, २५०० च्या वर नेऊ नका. ते पातं घरी ठोकून सरळ करायला जाऊ नका. थंड ॲल्युमिनियमला मुळाशी तडा जातो, रंगाखाली तो दिसत नाही, आणि पातं तुटलं की उरलेली दोन मशीन हलवून टाकतात. पिच ब्लॉकवाला मिळाला तर त्याला १३ नको, ११ वर आणायला जमेल का विचारा. दोन इंच उतरवणं प्रत्येक पंख्याला झेपत नाही, १२ वर नक्की येईल. मग जादा पंखाही मशीनला जुळेल.

दांडीचो

वितभर तंगूस निघाली तेच्यार समाधान मानू नकात. खाडी तीच आसा, जाळी तीच आसत. म्हयन्यान परत काढून बघा.